वीस मिनिटं जास्त

मास्तरांचं ठाम म्हणणं होतं, की जगात आजवर असा एकही सिनेमा निघाला नाही, जो वीस मिनिटं कापल्यावर सुधारणार नाही. कुठली वीस, हेही ते मध्यंतराच्या आत सांगायचे. बत्तीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. निदान तसं तोंडावर सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, कारण त्यांच्या हातात बहुतेक वेळा कात्री असायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात ते कटिंग मास्तर होते. माप घ्यायचं, खडूनं रेघा मारायच्या, कापायचं. कापडाच्या बाबतीत माणूस अगदी दयाळू. शिवणीच्या आत बोटभर कापड कायम राखून ठेवायचे. उद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. सिनेमाला मात्र त्यांनी बोटभरही सूट कधी दिली नाही.

दर शनिवारी दुपारी तीनला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सिनेमा मंडळाचा खेळ असायचा. तेवीस सभासद, तेवीस खुर्च्या. खेळ संपला की प्रत्येकानं चिठ्ठीवर एक ओळ मत लिहायचं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं, आणि मास्तरांनी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. स्वतःची सगळ्यात शेवटी, घसा साफ करून.

मूकपट त्यांना आवडायचे, पण त्यात लोक फार पळतात असं त्यांना वाटे. युद्धपटात लढाईच्या आधी शिपाई घरी पत्रं लिहीत बसतात, ती पत्रं काढा. भुताच्या सिनेमात भूत एकदाच येतं, दार मात्र नऊ वेळा करकरतं. आठ करकरी काढा. प्रेमपटातून गाणी काढा आणि जमलं तर प्रेमही. "प्रवास कशाला दाखवायचा?" ते विचारत. "माणूस निघाला, माणूस पोचला. मध्ये खिडकीतून झाडं बघून मला काय करायचंय?" आणि रडारड सुरू झाली की ते सरळ घड्याळ बघत. "मधला भाग रेंगाळतो. थेट शेवटाकडे चला!"

याच हॉलमध्ये चार वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं तिचा पहिला सिनेमा दाखवला होता. तीन वर्षं खपून केलेला. त्यात एक म्हातारा एकटाच चहा करतो, ओततो, पितो, कप विसळून पालथा घालतो. तो म्हातारा कोण आहे ते बावीस लोकांना कळलं. तेविसावे मास्तर.

"बाबा, कसा वाटला?" लेकीनं सगळ्यांसमोर विचारलं.

"वीस मिनिटं जास्त आहे," मास्तर म्हणाले. "तो चहा आधी काढ. म्हातारा चहा पितो हे कुणाला बघायचंय?"

दुसऱ्या दिवशी ती शहर सोडून गेली. तेव्हापासून फोन आईला यायचे. मास्तर शेजारच्या खोलीत बसून, वाचत नसलेल्या वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

तर एका शनिवारी एक हेरपट होता. बरा होता. मास्तरांनी डबा उपडा केला, चिठ्ठ्या मोजल्या. चोवीस.

पुन्हा मोजल्या. कापडाच्या धंद्यातला माणूस मोजण्यात चुकत नाही. खुर्च्या तेवीस, माणसं तेवीस, चिठ्ठ्या चोवीस. चोविसाव्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "वीस मिनिटं जास्त. मधला भाग रेंगाळतो."

अक्षर पट्टी ठेवून काढल्यासारखं सरळ. शाई नव्हती; निळ्या खडूसारखं काहीतरी होतं, पण बोटाला लागत नव्हतं.

"अखेर मंडळात अक्कल असलेला माणूस आला तर!" मास्तर मोठ्यानं म्हणाले. कुणी हात वर केला नाही.

पुढच्या शनिवारी जुनी विनोदी फिल्म होती. लोक हसून हसून वाकले. डब्यात पुन्हा चोवीस चिठ्ठ्या. मास्तरांनी चोविसावी वाचायला घेतली आणि दुसऱ्या शब्दावर थांबले.

"तिसऱ्या रांगेत कडेला बसतो तो. चेहरा ठीक. दाढी, बस, जेवण यांत फार वेळ जातो. मधला भाग रेंगाळतो. वीस मिनिटं कापावीत."

तिसऱ्या रांगेत कडेला कोण बसायचं, हे सांगायला नकोच.

"काय लिहिलंय मास्तर?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"अक्षर लागत नाही," मास्तर म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घातली.

संशय पहिला ऑपरेटरवर. तो मागे मशीनपाशी उभा असतो, त्याला ना खुर्ची ना चिठ्ठी. मास्तरांनी त्याला जिन्यात गाठलं.

"मी आणि चिठ्ठी?" ऑपरेटर म्हणाला. "मास्तर, मी बत्तीस वर्षांत एकही सिनेमा बघितला नाही. मी फक्त फोकस बघतो."

मग संशय ग्रंथपाल बाईंवर. मास्तरांनी त्यांच्याकडून उगाचच एका पुस्तकाची पावती लिहून घेतली. अक्षर गोलमटोल. मग बायकोवर.

"मला एवढा वेळ असता," बायको म्हणाली, "तर वीस मिनिटांवर सोडलं असतं का तुम्हाला?"

सोमवारी सकाळी मास्तर आरशासमोर दाढी करत होते. डावा गाल दोन बोटांच्या चिमटीत धरून ताणला, वस्तरा टेकवणार, तोच त्यांना वाटलं, एवढी दाढी कुठून आली? नीट पाहिलं. चिमटीत गाल होता, पण तो त्यांचा नव्हता. दुकान होतं, सकाळचे दहा वाजले होते, गळ्यात टेप होती आणि समोर कोटाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक होतं. चांगली दाट, काळीभोर दाढी असलेलं.

"मास्तर," दाढीवाले गृहस्थ अतिशय सभ्यपणे म्हणाले, "कोटाला गालाचं माप लागतं का हो?"

"कॉलरसाठी," मास्तर म्हणाले आणि गाल सोडला. स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. गुळगुळीत. साबणाचा वास येत होता. दाढी झाली होती, नाश्ता झाला होता, बसचं तिकीट खिशात होतं. यातलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी स्टॉपवर बस आली. मास्तरांनी पायरीवर पाय टाकला, आणि तो घरात, फरशी पुसायच्या बादलीत पडला. बुटासकट.

"अहो! दिसत नाही का?"

"मी कधी आलो?"

"आत्ताच की! बूट काढा म्हणून ओरडले, तर म्हणालात, काढतोय. हे असं काढतात?"

बुधवारी जेवणाचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि ढेकर आला.

गुरुवारी बायको भाजी निवडता निवडता हसली. "काल रात्री गच्चीत काय छान गुणगुणत होतात! लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं."

"मी?"

"नाही, शेजारचे! तुम्हीच. ते जुनं गाणं. मी पण येऊन बसले होते शेजारी."

मास्तरांना गच्ची आठवली. म्हणजे, गच्चीचा जिना आठवला आणि मग एकदम उशी. आत्तापर्यंत गेलं त्यात दाढी होती, बस होती, जेवण होतं. कुणीतरी खोड्या करतंय म्हणून चिडता येत होतं. आता मात्र ते खुर्चीत बसले. कपाटातून मंडळाची जुनी वही काढली, आपलीच मतं वाचायला लागले. प्रवास काढा. जेवणं काढा. गाणी काढा. पुढच्या पानावर, चार वर्षांपूर्वीच्या तारखेखाली: चहा काढा.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोनं घेतला, बराच वेळ ऐकलं, आणि आज पहिल्यांदाच शेजारच्या खोलीत आली.

"रविवारी येतेय. चार वाजता. परदेशी काम मिळालंय, पाच-सहा वर्षांचं. विमानतळावर जाता जाता येणार. खाली टॅक्सी उभीच ठेवणार म्हणाली, पंधरा मिनिटं." मग जरा थांबून, "तुमच्यासाठी येतेय हो. काय बोलायचं ते ठरवून ठेवा."

मास्तरांनी ठरवलं. एकच वाक्य होतं. चार वर्षं शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं: तो चहा मला कळला होता, घरी आल्यावर.

पण आधी शनिवार होता.

त्या शनिवारी एका थंड देशातला सिनेमा होता. एक माणूस तळं गोठायची वाट बघतो. तीन तास. शेवटी तळं गोठतं आणि तो घरी जातो. अर्ध्या तासात मंडळातले दातांचे डॉक्टर घोरायला लागले. मास्तर मात्र डोळे ताणून बसले होते. त्यांना फक्त चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे होते: लांबी योग्य. त्यांचीच मतं कुणी पाळत असेल, तर तेही पाळेल.

चिठ्ठी हातात घेतली. सभासद बघत होते.

"आज मास्तर काय सोलणार!" डॉक्टर जांभई देत म्हणाले. "मला तर वाटतं, आज चाळीस."

मास्तरांनी लिहिलं: लांबी. पुढे पेन जाईना. बत्तीस वर्षं. तेवीस माणसं. आणि तळं खरोखरच फार सावकाश गोठलं होतं. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला, आणि आपण किती उदार झालो या विचारानं त्यांना बरंही वाटलं. लिहिलं: "लांबी पंधरा मिनिटं जास्त."

डबा उपडा केला. चोवीस.

चोविसाव्या चिठ्ठीवर एकच शब्द होता. "मान्य."

रविवारी मास्तर साडेतीनपासून दिवाणखान्यात बसले. भिंतीवरचं घड्याळ समोर. एका हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली.

"अहो, टेबल कुठे पळून चाललंय का?" बायकोनं विचारलं.

चार वाजले. बेल वाजली.

लेक आत आली. केस कापले होते. कानाजवळ एक पांढरी बट. मास्तरांनी ती मोजून घेतल्यासारखी पाहिली. बायकोनं चहा आणून ठेवला.

"बाबा, बसा ना. उभे का?"

मास्तर बसले. कप उचलला. चहा गरम होता. काठोकाठ भरला होता.

"आई म्हणाली, तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"हो," मास्तर म्हणाले.

कड सोडली नाही. घड्याळात चार वाजून एक मिनिट.

"तो चहा," मास्तर म्हणाले,

आणि खाली टॅक्सीचं दार लागलं.

कप रिकामा होता. विसळून पालथा घातलेला. घड्याळात चार वाजून सोळा मिनिटं.

दारात बायको पदरानं डोळे पुसत उभी होती. "एवढं सगळं कुठे ठेवलं होतंत हो इतकी वर्षं?"

"मी काय म्हणालो?"

"पुरे आता. पुन्हा रडवू नका."

"अगं, सांग ना. ती काय म्हणाली?"

"जा, खिडकीत जा आधी! हात तरी दाखवा पोरीला."

मास्तर उठले. शर्टाचा डावा खांदा ओला होता. चांगला वीतभर, कुणीतरी बराच वेळ चेहरा टेकवल्यासारखा. त्यांनी बोट लावून पाहिलं. अजून कोमट होता.

वरच्या खिशात काहीतरी टोचलं. चिठ्ठी.

"चहाचा प्रसंग सगळ्यात चांगला होता. पण रडारड. काढला. आता मधल्या भागात ठेवण्यासारखं काही उरलं नाही. थेट शेवटाकडे जावं."

मास्तर खिडकीकडे धावले. टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती. मागच्या काचेतून एक हात हलत होता. मास्तरांनी आपला हात वर केला.

हात खाली आला तो दुकानात, कोटाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावर. गिऱ्हाईक तेच होतं. दाढी पांढरी झाली होती.