काळी चासी कुणी नेली?

गुरुवारी सकाळी धुळ्याचा फारुख मिस्तरी जळगावला प्रमिलाबाई चौधरींच्या दारात उभा राहिला, तेव्हा बाई एका उपवर मुलाच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीतून इंजिनिअरिंग वजा करत बसल्या होत्या. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. १९९४ साली त्यांच्या वाट्याला खून येत नसत, स्थळं येत. दोन्हींत खोटं सारखंच बोललं जातं, असं त्यांचं मत होतं.

शेजारी त्यांचे धाकटे दीर मगनभाऊ, एस.टी.च्या भांडारातून निवृत्त. त्यांना सगळं समजायचं, फक्त इतरांच्या नंतर.

"ताई, मला चोर ठरवलंय," फारुख म्हणाला. "आणि ठरवल्यापासून माझं वजन वाढतंय."

"बसून सांगा."

फारुखचं गॅरेज आग्रा रोडवर. येत्या रविवारी धुळ्याच्या धावपट्टीवर कार्टच्या शर्यती होत्या. कार्ट म्हणजे जमिनीपासून दोन बोटं वर पळणारी इवलीशी गाडी. नळ्या जोडून केलेला तिचा सांगाडा म्हणजे चासी. इंजिन, चाकं, सीट सगळं तिच्यावर चढतं. अभिमन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला शर्यतीत उतरायचं होतं, आणि नवी चासी घ्यावी की जुनी, यावर त्याच्या घरात महिनाभर वाद चालला होता.

"जुनी काळी चासी पुण्याहून बघायला आणली होती. माझ्या शब्दावर," फारुख म्हणाला. "तीन वर्षं ट्रॅकवर घासलेली. नळ्या पोटाला चपट्या झालेल्या, आणि मागच्या जोडाला केसाएवढी चीर. मी म्हटलं, नका घेऊ, वेगात मोडेल. अभिमनचे मामा म्हणाले, ती चीर नाही, रंगाचा पोपडा आहे. शेवटी अभिमनने हट्टानं कोइमतूरची नवी लाल मागवली. ती नरडाणा स्टेशनवर उतरायची होती. आणि मंगळवारी सकाळी बघतो तर माझ्या गॅरेजातून जुनी गायब!"

"कुलूप?"

"शाबूत. गाळा बन्सीनानांचा, म्हणजे त्या मामांचाच. कुलूपही गाळ्याबरोबर आलेलं. आत वेल्डिंग मशीन होतं, दोन बॅटऱ्या होत्या. कशालाच हात नाही."

"चोर मूर्ख होता," मगनभाऊ म्हणाले.

"आणि वजन कसं वाढलं?" बाईंनी विचारलं.

"अभिमनने चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत मला चोर म्हटलं. तेव्हापासून त्याची आई कमलअक्का दोन्ही वेळचा डबा पाठवतात. भरीत, शेवभाजी. बन्सीनानांनी केळीचा घड पाठवला." तो पुढे सरकून बसला. "ताई, वीस वर्षं ट्रकवाले माझ्याकडे चावी टाकून जेवायला जातात. काल पहिला ट्रकवाला चावी खिशात घालून जेवायला गेला."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मगनभाऊ, धुळ्याची गाडी किती वाजता?"

*

कमलबाईंच्या ओसरीवर नवी लाल चासी मांडली होती आणि अभिमन तिच्याभोवती फिरत होता. दारात मामांची जीप, समोर मामांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं आवार. ट्रॉल्या सगळ्या लाल.

"फारुखभाई, तुम्ही फाटकाच्या आत येऊ नका," अभिमन म्हणाला. "ही उद्या नाशिकचा मेकॅनिक जोडणार. तुम्ही हातही लावायचा नाही."

फारुख रस्त्यावरच थांबला.

"सुंदर आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मगनभाऊ, जरा उलटी करा."

मगनभाऊंनी कुरकुरत ती उलटी केली. बाईंनी पर्समधून पोलादी पट्टी काढून एका नळीच्या पोटाला लावली. पट्टी सपाट बसली. मग त्यांनी नळीचा वास घेतला.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. हात पुसा, लाल झालेत तुमचे."

बन्सीलालमामा आले. साठीचा, भारदस्त, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारा माणूस.

"चासी कधी आली, बन्सीनाना?"

"कालच, बुधवारी. नरडाण्याला पार्सल अडकलं होतं. मी आणि कमल जाऊन घेऊन आलो."

"आणि जीपच्या मागच्या बंपरला पोचा कसला?"

"लागलं असेल कुठं." मामांनी केळीच्या भावाचा विषय काढला.

कमलबाई आत भाकरी थापत होत्या. डबा उघडाच होता. फारुखसाठी, हे सांगावं लागलं नाही.

"नव्या गाडीची पूजा केली की नाही, अक्का?"

"केली तर! स्टेशनबाहेरच केली. हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं. सोमवारचा कडक उपवास होता, उन्हात भोवळच यायची." तव्यावरची भाकरी करपू लागली. "तो मिस्तरी काय चोर नही शे, बाई. पोराले समजावा."

"तुम्हीच का नाही समजावत?"

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला.

परत निघताना मगनभाऊ म्हणाले, "वहिनी, मला अभिमनचा संशय येतो. तो एकटाच आनंदात आहे."

"म्हणूनच तो सुटला," बाई म्हणाल्या. "ज्यांना घास गिळवत नाही, ते बघा. फारुखभाईंना बोलवा. आत."

*

ओसरीवर सगळे बसले. फारुख उंबऱ्याशी उभाच.

"वेल्डिंग मशीन सोडून जुनी चासी चोरणारा चोर मी पाहिलेला नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "म्हणून मला पहिल्यापासून वाटत होतं की जुनी कुणी पळवलेलीच नाही. अभिमन, ती तुझ्यासमोर आहे."

"ही? ही लाल आहे!"

"तुझ्या मामांच्या ट्रॉल्याही लाल आहेत. ही चासी कारखान्याच्या भट्टीत भाजलेल्या रंगाची असती, तर मगनभाऊंच्या हाताला लागली नसती. हा ब्रशचा रंग आहे, अजून ओला. नळ्यांचं पोट पट्टीसारखं सपाट आहे. जी चासी एकदाही पळाली नाही, ती घासली कुठं?"

अभिमन वाकला. नळीखालून बोट फिरवताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"शिवाय हिच्यावर कुंकवाचं बोटही नाही. आपल्याकडे नव्या गाडीचं कुंकू कोण पुसतं? पावसानं जाईल तेव्हा जाईल. अक्कांनी पूजा केली ती दुसऱ्याच चासीची. तीही सोमवारी, नाना म्हणतात बुधवारी. मधल्या दोन दिवसांत गाळ्याची दुसरी चावी वापरून जुनी बाहेर आली आणि रंगली. ती चावी घरमालकाकडे असते."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी कुणाच्या तरी खांद्यावरून पलीकडे बघायचा प्रयत्न केला; पलीकडे भिंत होती.

"पण नवी कुठं गेली?" मगनभाऊंनी विचारलं.

"ते बंपरला विचारा. नवी गाडी लिंबावरून नेल्याशिवाय हलवायची नाही, हा आपला रिवाज. चासीला तर चाकंच नाहीत. मग लिंबू ठेवलं जीपच्या चाकाखाली. बरोबर, अक्का? आणि हार घातलेली चासी होती जीपच्या मागे."

"मीच म्हणत व्हतू," कमलबाई एकदम रडत म्हणाल्या. "'मागे ये दादा, अजून मागे, लिंबू फुटलं नाही अजून.' मी लिंबाकडे बघत व्हतू. बठ्ठा दोष मना शे, माझाच!"

"गाडी मी चालवत होतो," मामा पुटपुटले. "ती आवारात पडलीय, पोत्यांखाली. चौकोनाची पापडी झालीय. पोराला तोंड कसं दाखवू? वाटलं, एवढी शर्यत होऊन जाऊ दे."

"या चासीवर?" फारुख पहिल्यांदाच बोलला. तो चपला काढून ओसरीवर आला, खिशातल्या पान्ह्याच्या टोकानं मागच्या जोडावरचा रंग खरवडला आणि बाजूला झाला. नेता-आणताना बसलेल्या धक्क्यांनी चीर आता केसाएवढी राहिली नव्हती. नखाएवढी होती.

कमलबाईंनी भावाकडे पाहिलं. "दादा, ही मोडणार होती हे तुले माहीत व्हतं?"

"फारुख म्हणाला होता. मला वाटलं, मिस्तरी लोक असंच सांगतात."

कमलबाईंनी मुलाच्या दंडाला असं धरलं, जणू तो आत्ताच त्या चासीवर बसायला निघाला होता.

"माझी फी फारुखभाईंकडून घेणार नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ती नाना देतील. टपरीवर."

*

संध्याकाळी टपरीवर ट्रकवाल्यांची गर्दी होती. मामांनी घसा तीनदा साफ केला. "फारुखनं काही चोरलं नाही. ती मी नेली होती."

"काय म्हणाले?" मागून कुणीतरी विचारलं.

"मोठ्यानं, नाना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मामा इतक्या मोठ्यानं म्हणाले की शिंदखेड्याच्या बसमधले लोकही खिडकीतून डोकावले. फारुखनंच मान खाली घातली. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलावं लागलं, याची त्यालाच लाज वाटत होती.

"बसा, नाना. चहा घ्या," तो म्हणाला.

मामांना चहा जाईना. अभिमन मात्र पुढे येऊन फारुखसमोर उभा राहिला. "फारुखभाई, मी सगळ्यांसमोर बोललो होतो. सगळ्यांसमोर माफी मागतो. या वर्षी शर्यत नाही. पुढच्या वर्षी... तुम्हीच सांगा, नवी घेऊ की जुनी?"

फारुखनं बराच विचार केला.

"कुठलीही घे. घेताना उलटी करून बघ," तो म्हणाला, "आणि घरी आणलीस की आधी घरच्यांना लांब उभं कर."

कमलबाई हसल्या आणि लगेच हसल्याबद्दल ओशाळल्या.