बारावा कप

मॉसचा कोंब वर्षाला दीड मिलिमीटर वाढतो.

पावसाळ्यात जुन्या भिंतीवर चढतं तसलंच हे मखमली हिरवं, पण ध्रुवाकडच्या थंडीतलं. तिथे माती नावालाच असते. दगडाचा भुगा, थोडी ओल, बाकी वारा. त्यामुळे त्याला कसली घाई नसते. गेली एकोणीस वर्षं मी हे मोजते आहे.

बाराव्या कपातलं मॉस चार दिवसांत सहा मिलिमीटर वाढलं.

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर बहुतेकांच्या हकिकती रात्रीच्या असतात. माझी रविवारी दुपारची आहे, तीन वाजून दहा मिनिटांची. आमच्या प्रयोगशाळेच्या शीतखोलीत घडलेली. त्या खोलीत रात्र होतच नाही. ध्रुवावरच्या उन्हाळ्यासारखे दिवे चोवीस तास जळतात. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. आकडे वहीत तारखेसकट आहेत, आणि मी वहीत खोटं लिहीत नाही.

एकदाच लिहिलं होतं.

त्याचीच ही हकिकत.

माझा धाकटा भाऊ सहा फूट तीन इंच होता. घरीदारी सगळे त्याला लंबू म्हणायचे. त्याचे बूट पाहून आई म्हणायची, "हे बूट नाहीत, होड्या आहेत." जनरेटर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण नोकरी कुठे टिकत नव्हती. ध्रुवावरच्या संशोधन-तळावर मीच त्याला चिकटवला. यंत्रं सांभाळायची, आणि जमेल तसे माझ्यासाठी मॉस आणि मातीचे नमुने काढायचे.

तळावर आत शिरण्याआधी प्रत्येकाने उंबऱ्यावर बुटांचा बर्फ झटकायचा, असा नियम होता. आवाजावरून कोण आलं ते ओळखू यायचं. लंबूचा डावा गुडघा दुखरा. त्यामुळे उजवा पाय दोनदा... मग जरा थांबून डावा एकदा.

ठक. ठक.

...ठक.

सुट्टीवर घरी आला तरी दारात हेच. आई आतून ओरडायची, "इथे कुठला बर्फ पडलाय रे?"

चार वर्षांपूर्वी त्याने एकाच उतारावरून बारा नमुने पाठवले. पेटीच्या झाकणावर नेहमीसारखं लिहिलं होतं, 'मोजून घेणे'. ही त्याची मला चिडवायची पद्धत. मी मोजायचं वेड लागलेली बाई, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मी मोजल्या. अकरा पिशव्या.

तळ हिवाळ्यासाठी बंद व्हायला दोन दिवस उरले होते. मी सॅटेलाइट फोन लावला. बारावा आलाच नाही म्हटलं. तो म्हणाला, मी बाराच भरले होते गं. मी म्हटलं, मी मोजलेत. तो हसला. मग म्हणाला, वारा सुटायची चिन्हं आहेत, तळप्रमुखांना विचारून उतारावर जातो.

तेव्हा मी बोलले ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"त्यांना विचारत बसू नकोस, ते नाही म्हणतील. अर्ध्या तासाचं तर काम आहे."

"बरं ताई. आणतो तुझा बारावा."

तो गेला. वारा सुटला. तो सापडला नाही.

तळ चालवणाऱ्या संस्थेने चौकशी केली. कोणालाही न सांगता, स्वतःच्या मर्जीने तळ सोडला, असा अहवाल आला. आमच्या फोनची नोंद 'बहिणीशी घरगुती बोलणं' एवढीच होती. मला कोणी काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी मी दहा नंबरची पिशवी उघडली. गोठलेला गोळा पाण्यात ठेवला, आणि तो सुटला... दोन तुकड्यांत. एकमेकांना चिकटून गोठलेले दोन नमुने, घाईत त्याच्या हातून एकाच पिशवीत गेलेले. मधल्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं होतं, 'ताई, हा बारावा. मोज आता.'

मी पिशव्या मोजल्या होत्या. वजन केलं नव्हतं. वजन केलं असतं तर एक पिशवी दुप्पट भरली असती. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही, अशी चूक.

मी तो तुकडा चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत बांधला आणि माझ्या फ्रीजरच्या तळाशी ठेवला. वहीत बाराव्यापुढे लिहिलं, 'प्राप्त नाही'.

बाकीचे अकरा शीतखोलीत वाढायला लावले. ट्रेला भोकं बारा, कप बारा. बारावा रिकामा. चार वर्षं तो तसाच राहिला.

त्या रविवारी इमारतीत दोघंच होतो. मी, आणि शीतयंत्रं सांभाळणारे काका. ते दाराबाहेर स्टुलावर बसून पाना पुसत होते. आत जाताना मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी कशाला आलात? म्हणाले, "मॅडम, माझा संसार या कॉम्प्रेसरशी. रुसतो, पण सोडून जात नाही."

तीन वाजून दहा मिनिटांनी मी सातव्या कपावर वाकले होते.

कॉम्प्रेसरची घरघर थांबली.

त्या खोलीची घरघर कधी थांबत नाही. थांबली की दोन मिनिटांत तापमान चढायला लागतं. मी काट्याकडे पाहिलं. चार अंश. काटा हलत नव्हता. माझा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता...

ठक. ठक.

मी कोंब मोजायची सुई खाली ठेवली.

...ठक.

आवाज दारातून आला. आतल्या बाजूने.

मी वळले नाही. घाबरले होते असं म्हणणं बरोबर होणार नाही. वळले आणि तिथे कोणी नसलं तर, ही भीती होती.

किती वेळ गेला ते लिहिलेलं नाही. घरघर पुन्हा सुरू झाली. काकांनी दार ढकललं. म्हणाले, आत कोण आलं? आत्ता बूट आपटले कोणीतरी. मी म्हटलं, दाराशी तर तुम्हीच बसला होतात. ते उंबऱ्याशी वाकले. खाली बघत राहिले.

उंबऱ्याच्या आत पाणी होतं. दोन ओली पावलं, त्यांत काळी वाळू. काकांनी त्यांशेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं आणि चटकन मागे घेतलं.

"होडीएवढं आहे हो, मॅडम."

आईचा शब्द त्यांच्या तोंडी कसा आला, मला माहीत नाही.

मग मी ट्रेकडे पाहिलं.

बारावा कप रिकामा नव्हता.

हिरवं, ओलं मॉस. खाली तीच काळी माती. कडेला अंगठ्याने दाबलेलं, जाड हातमोजा घातलेल्या अंगठ्याने. लंबू नमुना असाच बसवायचा. मी कितीदा रागावले होते, कोंब मोडतात म्हणून.

मी फ्रीजरकडे धावले. तळातली पिशवी जागेवर होती. गाठ माझीच. आत तुकडा आणि चिठ्ठी.

म्हणजे कपातला तो नव्हे.

दुसरा होता. लंबू जो आणायला गेला होता, तो.

मला मोजण्याशिवाय दुसरं काही येत नाही. मी मोजलं. नऊ मिलिमीटर. सोमवारी साडेदहा. मंगळवारी बारा. बुधवारी साडेतेरा. गुरुवारी पंधरा. चार दिवसांत बरोबर चार वर्षांची वाढ. शुक्रवारीही पंधराच. बाकीचे अकरा होते तिथेच होते.

दरम्यान मी चिमूटभर माती तपासायला दिली होती. आम्लता बाकीच्या अकरांइतकीच, म्हणजे उतार तोच. पण नायट्रोजन सहापट. तपासणाऱ्या मुलीने फोन करून विचारलं, जवळपास पक्ष्यांची वस्ती आहे का?

नाही. त्या उतारावर पक्षी उतरत नाहीत. सील चढत नाहीत. एवढ्या थंडीत मातीला एवढा नायट्रोजन एकाच कारणाने मिळतो. तिथे खाली कोणीतरी हळूहळू मातीत मिसळत असतं.

चार वर्षं शोधून जे कोणाला सापडलं नाही, ते माझ्या समोर कागदावर होतं. एका आकड्यात.

मी फोन ठेवला, दार लावलं आणि पहिल्यांदा रडले.

कप अजून ट्रेमध्ये आहे. काका आता आत जाण्याआधी दारावर टकटक करतात, आणि मी त्यांना हसत नाही. तो आवाज पुन्हा आलेला नाही. तरी घरघर जराशी बदलली की माझा हात थांबतो. तो रागावून आला होता की नुसतं सांगितलेलं काम पुरं करायला, हे मला कळलेलं नाही. रागावून आला असता तर सोपं गेलं असतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई दाराजवळ मटार सोलत बसली होती. शेजारी त्याच्या बुटांचा जुना जोड. ती अजून दर आठवड्याला तो पुसते आणि पुसताना त्यालाच बोलते. उंची मिळाली, डोकं तेवढं राहिलं. काम संपलं होतं, मग कशाला गेलास परत? चार वर्षं मी हे ऐकते आहे. चार वर्षं मी चहा टाकायला आत जाते.

त्या दिवशी ती म्हणाली, "रविवारी दुपारी दारात बूट वाजले गं. दोनदा... मग एकदा. उठून पाहिलं तर कोणी नाही. फरशी तेवढी ओली."

मी चप्पल काढता काढता थांबले.

"सांग ना," ती म्हणाली. "कशाला गेला असेल गं परत, हा वेडा?"

मी तिच्यासमोर खाली बसले. तिच्या हातातली शेंग काढून ताटात ठेवली.

"तो वेडा नव्हता, आई. मी पाठवलं होतं त्याला. नमुना माझ्याकडेच होता, मीच नीट मोजलं नव्हतं. कोणाला विचारू नकोस, हेही मीच सांगितलं होतं. उद्या मी संस्थेत जाणार आहे आणि हे सगळं माझ्या सहीने लिहून देणार आहे."