साडेतीनची नोंद

काम तसं साधं होतं. जगभरची हौशी मंडळी मिळून, पगाराशिवाय, कॉम्प्युटरसाठी एक डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, बांधत होती आणि त्यात निषादला एक छोटंसं साधन बसवायचं होतं. पडद्यावरच्या पट्टीत लिहायचं, 'मेल', 'जेवण', 'आंघोळ', की ते वेळ मोजू लागणार. शुक्रवारी संध्याकाळी नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. काम घेतलं गेलं, तर करणाऱ्यांच्या यादीत निषादचं नाव लागणार होतं. नांदेडहून येऊन अडीच वर्षं झाली तरी ऑफिसात त्याला अजून 'तो नवीन' म्हणत. त्यामुळे त्या यादीसाठी तो झुरत होता म्हटलं तरी चालेल.

२००८ सालचा ऑक्टोबर. रजा टाकून तो शहराबाहेरच्या भुकूम गावातल्या भाड्याच्या खोलीत बसला होता. घरमालकीण सगुणाबाईंची अट एकच होती, खोलीला कुलूप लावायचं नाही. आपलं औषध आधी आपणच घ्यावं, म्हणून सोमवारपासून तो स्वतःचाच दिवस त्या साधनात नोंदवत होता.

बुधवारी त्यानं नोंदींची यादी उघडली. रोज साडेतीन ते चार एक नोंद होती. 'येतोच'.

हे त्यानं लिहिलं नव्हतं. त्या वेळी तो खानावळीत असायचा. परतला की टेबलावर कपभर चहा झाकलेला असे आणि तो गुमान पिऊन टाकी. आपल्याच कामात चूक राहिली असणार, असं म्हणून त्यानं नोंदी पुसल्या आणि सगळा प्रोग्रॅम पुन्हा ओळीनं ओळ वाचला. चूक सापडेना.

गुरुवारी सकाळपासून पाचपर्यंत वीज नव्हती. कॉम्प्युटर बंदच होता. वीज आल्यावर त्यानं पाहिलं, तर साडेतीन ते चार, 'येतोच'.

रिकामा कप घेऊन तो सगुणाबाईंकडे गेला. "मावशी, मी नसताना खोलीत कोणी येतं का?"

त्यांची नजर कपावरच खिळली. "च्या… तू पितोस व्हय?"

"म्हणजे? माझ्यासाठीच ठेवता ना?"

"माज्या ल्योकाचा, विश्रामचा हाय त्यो." त्या उंबऱ्यावरच बसल्या. "त्याच खोलीत काम्पुटरवर बसायचा. च्या वतला, तर म्हनला, येतोच… आन् खुर्चीतच गेला. तीन वर्सं झाली. रोज ठिवती, सांजच्याला उचलाया जावं तर कप भरल्याला ऱ्हायचा. सोमवारपास्नं रिकामा व्हाया लागला, तवा मला वाटलं, आला गं माजा…"

निषादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, चुकलं माझं."

"आता त्यो आला न्हाई म्हनू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. "पिल्यालं ते पिल्यालं."

शुक्रवारी तो खानावळीत गेलाच नाही. दुपारी काम पाठवून दिलं आणि पडद्यासमोर बसून राहिला. साडेतीनला सगुणाबाई कप ठेवून गेल्या. आल्याचा वास खोलीभर पसरला. त्यानं कपाला बोट लावलं नाही, नुसतं काहीबाही टाइप करत राहिला. बोटं थांबली की पडद्यावर खिडकी उघडून साधन विचारतं, जागेवर आहेस का, हे त्यानंच बसवलं होतं.

बोटं चालू होती. तरी खिडकी उघडली.

'निषाद जागेवर नाही.'

त्यानं कीबोर्डच्या कळा दाबल्या. मग बडवल्या. पडद्यावर एक अक्षर उमटेना. घामानं हात चिकट झाले. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मेल आली. परदेशातून काम तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, काम घेतलं, यादीत तुझं नाव टाकलं, अभिनंदन, विश्राम.

"नाही… हे माझं आहे…" तो पुटपुटला.

दारात सगुणाबाई उभ्या होत्या. डोळे भरलेले, तोंडावर कधी न पाहिलेलं हसू. त्या खुर्चीकडे बघत होत्या.

"आलास बाबा? पी, निवंल."

"मावशी, मी निषाद… मावशी!"

त्यांनी ऐकलं नाही. त्यांची नजर टेबलावर गेली.

कपातला चहा घोटाघोटानं कमी होत होता. निषादचे दोन्ही हात कळांवरच होते.