बोटापासून उजेडापर्यंत

हिंदुराव मगदूम यांच्या तालमीत माती नव्हती. एके काळी होती. आता तिथं फरशी होती, फरशीवर टेबलं आणि टेबलांवर वीस-वीस वर्षांचे जुने संगणक. बाकी रिवाज मात्र कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीचे. चपला बाहेर काढायच्या, वस्तादांच्या पाया पडायचं, ज्याचं यंत्र त्यानं पुसायचं आणि खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची साफसफाई करून हळदकुंकू वाहायचं. वस्ताद स्वतः जुने मल्ल, कान मोडलेले, वय साठीच्या पुढचं. गुडघा गेल्यावर त्यांनी कुस्ती सोडली आणि पोरांना स्क्रीनवरच्या लढती शिकवायला घेतल्या. लोक हसले. पुढं पोरं जिंकायला लागली, तेव्हा तेच लोक आपल्या पोरांना घेऊन दारात उभे राहिले.

संगणक जुने होते ते गरिबीमुळं नव्हे. नव्या प्रत्येक यंत्रात 'अनुमानक' बसवलेला असे. तुमचं बोट कुठं निघालंय हे तो हालचालीवरून आधीच ओळखायचा आणि बोट पोहोचायच्या आत काम उरकून टाकायचा. फोनमध्ये, स्कूटरच्या ब्रेकमध्ये, अगदी मिक्सरच्या बटणातसुद्धा तो होता. घरकामाला झकास. पण खेळात माणूस किती आणि यंत्र किती हेच कळेना, तेव्हा या खेळांच्या महासंघानं 'जुना गट' काढला. अनुमानक येण्याआधीचे संगणक आणि माणसाची खरी बोटं. खरा मान याच गटाला होता.

या गटात केतकी चौगुले सलग तीन वर्षं पहिली आली होती. सव्वीस वर्षांची, बोलायला फटकळ. राज्याच्या संघात यंदा एकच जागा होती आणि दिवाळीनंतर निवडीची लढत. ती जागा केतकीचीच असं सगळे धरून चालले होते, ती स्वतःसुद्धा. आणि नेमका खंडेनवमीनंतर तिचा संगणक हळू झाला.

"बोट दाबते आणि मग कधीतरी गोळी सुटते," तिनं डॉ. रेश्मा मुल्लांना सांगितलं. "मधे काहीतरी अडकतंय, ताई. काल नवख्या पोरानं मला तीनदा मारलं."

रेश्मा मुल्ला विद्यापीठात यंत्रांचा विलंब मोजायचं शास्त्र शिकवत. तालमीच्या मागच्या खोलीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. दर खंडेनवमीला पंख्याची धूळ झाडून भागायचं. यंदा मात्र त्यांनी आतलीही जळमटं काढली होती. साठवण पूर्ण पुसून, मूळचाच प्रोग्रॅम नव्यानं भरून, यंत्र पहिल्या दिवसासारखं कोरं केलं होतं. त्यामुळं केतकीचं बोलणं त्यांना चांगलंच लागलं.

त्यांनी माऊसवर एक चिमुकली हातोडी बसवली आणि स्क्रीनवर उजेड ओळखणारा डोळा.

"बोटापासून उजेडापर्यंत चार मुक्काम आहेत, वस्ताद," त्या म्हणाल्या. "माऊस, प्रोसेसर, खेळ आणि स्क्रीन. प्रत्येक जण थोडा वेळ खातो. सगळ्यांची बेरीज म्हणजे विलंब. हातोडी दाबते, डोळा बघतो. यात माणूस नाहीच."

माऊस बदलला, तार बदलली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. आकडे उत्तम येत होते. कोरा संगणक पूर्वीइतकाच चपळ होता.

"मग हिचं अडकतंय कुठं?" वस्तादांनी विचारलं.

"यंत्रात तरी नाही."

वस्ताद केतकीकडं वळले. "पोरी, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील की गं लोक."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला तिनं पटकन तोंड फिरवलं आणि टेबलावरचा चहाचा कप लवंडला. हल्ली तिच्या हातून कप फार पडत. आई म्हणायची, लक्ष कुठं असतं तुझं.

वस्तादांनाच वाईट वाटलं. संध्याकाळी ते तिला डॉ. नीलांबरी शेंडगे यांच्याकडं घेऊन गेले. शेंडगेबाई गावातल्या नावाजलेल्या मज्जातंतूंच्या शल्यचिकित्सक. त्यांनी केतकीला आपल्या नव्या कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं, ठिपका दिसला की दाब म्हणाल्या आणि निकाल बघून हसल्या. "हात ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा चपळ."

म्हणजे दोष पुन्हा यंत्रावर आला. केतकी थेट रेश्माताईंच्या खोलीत गेली. "तुम्हीच बिघडवलात. माझं यंत्र होतं तसं परत द्या."

रेश्माताईंनी साफसफाईआधीची नक्कल जपून ठेवली होती. ती त्यांनी परत चढवली. केतकी खेळायला बसली आणि पहिल्याच डावात समोरच्याचा फडशा पाडला. अडकणं गायब. वस्तादांनी पेढे मागवले.

रेश्माताईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला. हातोडीनं मोजलं तर दोन्ही वेळचे आकडे सारखेच. यंत्र तेच, विलंब तोच, मग पोरीला फरक कसा कळतो? त्यांनी हातोडी काढली, उजेडाचा डोळा तसाच ठेवला, आणि केतकीच्या खऱ्या बोटाखाली दाब मोजायची पट्टी लावली.

उजेड आधी येत होता आणि बोट नंतर टेकत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंडगेबाईंना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

"या जुन्या यंत्रात अनुमानक आहे," रेश्माताई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी केतकीनं नवा माऊस घेतला, त्याच्या प्रोग्रॅमबरोबर तो चोरपावलांनी साठवणीत शिरला. कुणाला पत्ता नाही. मी सगळं पुसलं तेव्हा तोही गेला. नक्कल चढवली, परत आला. हातोडीला तो मदत करत नाही, कारण हातोडीला सवयी नसतात. बोटाला असतात. बोटाला जितका उशीर होतो, तितकी तो भरपाई करतो."

"सहा वर्षं सारखीच भरपाई?"

"नाही. पहिली तीन वर्षं जवळपास काहीच केलं नाही त्यानं. मग दर महिन्याला थोडी थोडी वाढवत गेला."

शेंडगेबाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "भरपाई वाढली म्हणजे उशीर वाढला. यंत्राचा?"

"यंत्राचा विलंब वाढलेला नाही. मी मोजलाय."

दोघींनाही पुढचं वाक्य माहीत होतं.

"पण मी तिला तपासलं," शेंडगेबाई म्हणाल्या. "तिचा हात चांगला होता."

"तुमचा तपासणीचा स्क्रीन कधीचा?"

"गेल्या वर्षीचा," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

रेश्माताईंनी संगणक पुन्हा कोरा केला. केतकीला आणि वस्तादांना बोलावलं. पांढरा ठिपका दिसला की दाबायचं, एवढंच. आधी केतकी बसली. मग वस्ताद चष्मा सावरत बसले. या वयाला, जाडजूड बोटांनी, ते केतकीपेक्षा चपळ निघाले. चांगलेच.

वस्ताद आकड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चुकून लागला असंल. परत घ्या." दुसऱ्या खेपेला ठिपका आला, वस्तादांचं बोट वरच थांबलं, आणि मग सावकाश खाली आलं.

"वस्ताद," केतकी म्हणाली, "नुरा नको."

ठरवून हरायच्या कुस्तीला तालमीत नुरा म्हणतात. वस्तादांनी सगळ्या आयुष्यात तशी कुस्ती केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

सुया टोचून करायची जुनी तपासणी शेंडगेबाईंनी अडगळीतून काढली. मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजत चाललं होतं. औषध होतं. त्यानं झीज जागच्या जागी थांबते, पण झिजलेलं परत येत नाही.

"तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर?" केतकीनं विचारलं.

"तर हात तेव्हाचा राहिला असता," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं खरं.

केतकी रात्रभर रडली. सकाळी ती तालमीत आली तेव्हा चिडलेली होती. "मला सांभाळून घेत बसला मेला. आई जशी पोरांच्या चुका वडिलांपासून लपवते ना, तसं. अरे, एकदा हरू द्यायचं होतंस. एकदा जरी हरले असते तरी मी डॉक्टरकडं गेले असते."

जुनी नक्कल रेश्माताईंच्या कपाटात होती. ती चढवली असती तर निवड केतकीची होती आणि महासंघाला कधी पत्ता लागला नसता. रेश्माताईंनी कपाट उघडून नक्कल तिच्यासमोर ठेवली आणि ठरव म्हणाल्या. केतकीनं ती हातात घेऊन पाहिली. त्यात तिचे सगळे विजय होते, आणि त्यातले कुठले तिचे आणि कुठले अनुमानकाचे हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं ती परत कपाटात ठेवली.

निवडीच्या लढतीला ती कोऱ्या संगणकावर बसली. दुसऱ्या फेरीत हरली. समोरच्या पोराला खरं वाटेना, त्यानं हात पुढं केला तोही चाचरतच. वस्ताद कुंपणापाशी उभे होते. "चितपट झालीस," ते म्हणाले. "पण कुस्ती खरी झाली. मी बघितली." केतकी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडली आणि मग घरी गेली.

महिन्याभरानं शेंडगेबाई तालमीत आल्या. त्यांना तो संगणक हवा होता.

"आता कुणाचाच हात उघडा राहिला नाही, वस्ताद," त्या म्हणाल्या. "फोन सांभाळतो, गाडी सांभाळते, आणि माझ्याकडं येतात तेव्हा माझा स्क्रीन सांभाळतो. कुणाचं काय झिजतंय हे ओळखायला मला एक न सांभाळणारं यंत्र पाहिजे. अख्ख्या गावात ते इथंच आहे."

वस्तादांनी संगणकाला हळदकुंकू लावून तो पाठवला. सोबत केतकीही गेली. औषध सुरू झालं होतं, हात होता तिथं थांबला होता, आणि हे यंत्र तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. दवाखान्यातली एक छोटी खोली त्यांना मिळाली.

पहिल्या दिवशी केतकी सकाळी लवकर पोहोचली. हातोडी बसवून विलंब मोजला. यंत्र चोख होतं. रुग्ण अजून यायचे होते. तेवढ्यात शेंडगेबाई डोकावल्या. हिरवा झगा घातलेला, दहा वाजता एका पोराच्या मणक्याची शस्त्रक्रिया होती. वरच्या मजल्यावर त्यांचे नवे, अनुमानक बसवलेले सहाय्यक चिमटे निर्जंतुक होऊन तयार होते. ते चिमटे धरल्यापासून बाईंचा हात गावात नंबर एक मानला जायचा.

"उद्घाटन मीच करते," बाई हसत म्हणाल्या आणि बसल्या.

ठिपका आला. बाईंनी दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. असं बऱ्याचदा झालं. केतकीनं सरासरी पाहिली. मग तिनं हातोडी पुन्हा माऊसवर ठेवून यंत्राचा विलंब परत मोजला, तो चोखच होता, आणि बाईंच्या आकड्याकडं बघत उभी राहिली. या आकड्याची तिला ओळख होती. तिचा स्वतःचा आकडा याच्या आसपास होता, उलट थोडा बरा म्हणायचा.

बाईंनी बोट माऊसवरून उचललं, जरासं चोळलं आणि स्क्रीनकडं कपाळाला आठ्या घालून पाहिलं.

"केतकी," त्या म्हणाल्या, "यंत्र जरा हळू चालतंय का गं? मधे काहीतरी अडकतंय."

केतकीनं जाऊन दाराला आतून कडी घातली. मग दुसरी खुर्ची ओढून ती बाईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "दहाची शस्त्रक्रिया दुसऱ्या कुणाला तरी सांगा."