पाटल्या कुणाच्या?

खरं तर निहारिकाचं त्या वर्गात काहीच काम नव्हतं. कायद्याच्या अभ्यासातला तिचा इक्विटी अँड ट्रस्ट्सचा ट्युट, म्हणजे ट्युटोरियलचा तास, असायचा गुरुवारी. पण गुरुवारी ट्रेन रद्द झाली, ट्युट बुडाला आणि म्हणून मंगळवारी ती दुसऱ्यांच्या ट्युटमध्ये मागच्या रांगेत अंग चोरून बसली होती. एक तास तोंड उघडायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिच्या आईने हे ऐकलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

विषय सोपा होता. एखादी वस्तू एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि त्या दुसऱ्याने ती तिसऱ्यासाठी सांभाळायची, म्हणजे ट्रस्ट. "तुमच्या घरातलं एखादं उदाहरण?" ट्युटरने विचारलं. पुढे बसलेल्या, निळा स्वेटर घातलेल्या एका उंच मुलाने हात वर केला.

"माझ्या आईने जाण्याआधी तिच्या सोन्याच्या बांगड्या मावशीकडे दिल्या. पाटल्या म्हणतात त्यांना. माझ्या बायकोसाठी."

"लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

वर्ग हसला. निहारिका मात्र हसली नाही. तिच्या जिभेला खाज सुटली होती...

"मग हा ट्रस्टच नाही!" ती बोलून गेली. "ज्याच्यासाठी वस्तू सांभाळायची, ते माणूस नक्की कोण हे कळायला हवं. ही बाई तर अस्तित्वातच नाहीये!"

तो मुलगा सावकाश मागे वळला. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"अस्तित्वात असेल," तो म्हणाला. "सापडली नाहीये, इतकंच."

ट्युटर खूश झाली. असं भांडण तिला वर्षातून एकदाच मिळायचं. सगळं अवलंबून होतं ते आईच्या नेमक्या शब्दांवर, ती म्हणाली. शब्द काय होते? मुलाला ठाऊक नव्हते. मग दोघांनी मिळून ते शोधा आणि महिन्याभराने वर्गासमोर प्रेझेंटेशन द्या, असं सांगून ती मोकळी झाली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याने तिला गाठलं. "पाटल्यांवर न अडता थेट बायकोवर अडलेली तू एकटीच. मराठी ना?"

"वेंटवर्थव्हिलची मराठी. दहाव्या वर्षी देश सोडला, तेव्हापासून इथेच. आणि तू?"

"हृषीकेश. पुण्याचा. चार वर्षं आयटीत काढली, मग वाटलं, कोडपेक्षा कायदा बरा."

"का वाटलं?"

"तू सगळ्यालाच 'का' विचारतेस?"

"हो. का?"

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटायचा, उजवा मागाहून. हे असं का होतं, हा प्रश्न निहारिकाला पुढे बरेच दिवस पुरला.

मग मंगळवारमागून मंगळवार गेले. निहारिकाने गुरुवारचा ट्युट सोडून मंगळवारचा घेतला, वेळ सोयीची पडते म्हणून. आता टळटळीत दुपारी, तास-दीड तासाचा प्रवास करून येणं सोयीचं कसं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. लायब्ररीमागच्या बाकावर वॅटलच्या झाडाची पिवळी फुलं वहीवर गळायची, वारा सुटलेला असायचा, मध्ये हॉट चिप्सचं एकच पुडकं आणि आयबिस पक्षी चोच सरसावून टपलेले.

"तुझ्या बायकोची डेफिनिशन काय?" पेन सरसावून ती विचारायची. "क्लिअर हवी हं. कोर्टाला कळली पाहिजे."

"वाद घालणारी."

"अशा हजारो असतील."

"चिप्स संपल्या तरी वाद घालणारी."

"...हं. यादी जरा आखूड झाली," ती म्हणायची आणि उगाच वहीत डोकं घालायची.

पुस्तकात लिहिलं होतं, की शब्द नसले तरी वागण्यावरून हेतू ठरवता येतो. निहारिकाने वागणूक तपासायला घेतली. तो नेहमी वाऱ्याच्या बाजूला बसायचा. शेवटची चिप तिच्यापुढे सरकवायचा. तिने सहज सांगितलेली गोष्ट पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात असायची. पुरावा भरपूर होता. पण हे सगळं तिच्यासाठी होतं की चांगल्या मार्कांसाठी? हे मात्र तिला कळेना, आणि न कळलेली गोष्ट तिला जेवू द्यायची नाही. कारण तिला तो आवडायला लागला होता. चांगलाच.

"तुझ्या मावशीलाच विचारू या ना शब्द," एक दिवस ती म्हणाली.

हृषीकेशचे कान लाल झाले. "तिच्या घरी... येशील? केलीव्हिलला?"

"संडे आर्वो? रविवारी दुपारी?"

"नो वरीज," तो म्हणाला, पण आवाज वरीज असल्यासारखाच होता.

सुहासिनी मावशी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवणाऱ्या या बाईंच्या अंगात स्वतःपुरता दहा माणसांचा उत्साह होता. त्यांनी दार उघडलं, निहारिकाला आत घेतलं, पोह्यांवर खोबरं भुरभुरवलं. पोहे खाऊन झाले तेव्हा हृषीकेशने घसा खाकरला.

"मावशी, हिला... आईच्या पाटल्या बघायच्यात."

मावशी थबकल्या. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग परत त्याच्याकडे. डोळे भरून आले. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या तबक घेऊन. त्यांनी निहारिकाला कुंकू लावलं. "पदर... बरं, ती ओढणी पसर बाळा," म्हणाल्या आणि तिच्या ओढणीत खण, नारळ, ओंजळभर तांदूळ घातले.

निहारिकाला कोण आनंद! तिची आई वेंटवर्थव्हिलमधल्या मैत्रिणींकडून अशा ओट्या भरून घेऊन यायची, आज पहिल्यांदा तिच्याही वाट्याला एक आली होती. किती हा पाहुणचार, असं ती मनात म्हणते आहे तोवर मावशींनी लाल डबी उघडली आणि पाटल्या तिच्या हातांत चढवल्या.

"आता तुझ्या आईबाबांचा नंबर दे. मी आजच बोलते."

तेव्हा कुठे निहारिकाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने हृषीकेशकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याचा अभ्यास करत होता. पुण्यात वाढलेल्या त्याला पहिल्या चिमूटभर कुंकवालाच सगळं कळलं होतं, आणि तरी तो गप्प! तिला रागच आला.

हातातलं सोनं जड होतं आणि ते जडपण तिला आवडलं होतं. त्याचीच तिला भीती वाटली. गप्प बसली तर एका गेलेल्या बाईची वस्तू भलत्या हातात जाणार. बोलली तर हे घर आणि हा मुलगा, दोन्ही कदाचित आजच संपणार. तिने श्वास घेतला.

"मावशी... मी तशी नाही आलेय. आमचं युनिव्हर्सिटीत प्रेझेंटेशन आहे. पाटल्या देताना याच्या आई नेमकं काय म्हणाल्या, ते विचारायला आले होते."

मावशी सोफ्यावर बसल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "ताई म्हणाली, 'सुहास, हा मुलगा तोंडाने कधी काही मागायचा नाही. ज्या दिवशी एखादीला घरी आणून पाटल्या दाखव म्हणेल, त्या दिवशी ओळख, की हीच. मग त्याला विचारत बसू नकोस. तिला विचार...'" मावशींचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! मी तुला विचारलंच नाही!"

"आई असं म्हणाली?" हृषीकेशने विचारलं. "चार वर्षं मला वाटत होतं, माझ्यासाठी तिने एक शब्दसुद्धा ठेवला नाही."

"तू कधी विचारलंस?" मावशी हळूच म्हणाल्या.

निहारिकाचा राग पातळ होऊ लागला होता, पण तिने तो धरून ठेवला. "तुला ओटीचा अर्थ माहीत होता. मावशींना थांबवलं का नाहीस?"

"थांबवणार होतो... पण तू ओढणी पसरलीस ना."

"मला वाटलं, पाहुणचार आहे!"

"मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, तुला कळलंय. आणि मग थांबवावंसंच वाटेना."

"खरं सांग हृषीकेश. मला इथे प्रेझेंटेशनसाठी आणलंस?"

"प्रेझेंटेशनसाठी फोन पुरला असता," तो म्हणाला. "मावशी रोज करते."

मग तो उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कान पुन्हा लाल, पण नजर या खेपेला सरळ.

"आईला एकदा तरी खोटं पाडू दे मला. निहारिका, तू मला आवडतेस. त्या पहिल्या मंगळवारपासून. पाटल्या राहू देत बाजूला, प्रेझेंटेशन राहू दे. मी तोंडाने मागतोय... तू हवीयेस मला."

निहारिकाने एकेक करून पाटल्या उतरवल्या आणि डबीत ठेवल्या. त्याचा चेहरा पडला. मावशींनी डबी घेतली आणि समजुतीने ओढणीतल्या नारळाकडेही हात नेला.

"दे बाळा. आमचंच चुकलं."

निहारिकाने ओढणी छातीशी धरली.

"पाटल्या तुम्ही सांभाळा, मावशी. त्यांना घाई नाही. आम्ही अजून नोट्सशिवाय एक कॉफीसुद्धा प्यायलो नाही." तिने ओढणीची टोकं ओढून घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं हृषीकेशच्या हातात दिलं. "ओटी मात्र मी घरी नेणार. जड आहे, तू धर. आणि स्टेशनवरून परत फिरू नकोस, घरापर्यंत ये. आई दार उघडेल, तेव्हा ही ओटी कुणाकडची, ते तूच सांग तिला."