वेशीचं पान

वेबसाइट करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक नव्याण्णव साली नगरात दुर्मीळच. त्यामुळे राहात्याच्या एका पेरूच्या रोपवाटिकेचं काम आलं तेव्हा मी आणि कल्याण हरखून गेलो. मालकांची अट मात्र गमतीची होती. साइटवर आलेला पाहुणा कुठून कुठे फिरतो ते कळायला हवं, पण त्याच्या कॉम्प्युटरवर कुकी ठेवायची नाही. कुकी म्हणजे त्याच्या यंत्रात गुपचूप सरकवलेली खुणेची चिठ्ठी. ‘‘पाहुण्याच्या खिशात हात घालायचा न्हाई,’’ मालक म्हणाले. मला ते पटलं.

मग आम्ही असं केलं. पाहुणा आत आला की आमचं मोठं यंत्र, म्हणजे साइट जिथे ठेवलेली तो सर्व्हर, त्याला एक नंबर देई, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसा. पुढच्या प्रत्येक पानाच्या पत्त्याला तो नंबर चिकटून जायचा. नंबर आहे तोवर पाहुणा ओळखीचा. नंबर हरवला, की तोच माणूस परत आला तरी यंत्र त्याला नवखाच समजणार.

चाचणीसाठी काही पानं हवी होती. कल्याणने तिसगावच्या आपल्या घराचीच पानं केली. अंगणाचं एक पान, गोठ्याचं एक, चुलीचं एक. त्याची आई, दगडाबाई, नुकतीच वारली होती. तिने जिथे प्राण सोडला तिथे घरच्यांनी रीतीप्रमाणे पीठ पसरलं, दिवा लावला, वर दुरडी झाकली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल त्या रूपाने माणूस गेला म्हणायचं. पीठ कोरंच राहिलं.

‘‘म्हंजी आय गेलीच न्हाई, ताई,’’ कल्याण म्हणायचा. ‘‘घरातच अडकलीय. तिला वाट गावंना.’’

आमचं घर बौद्ध. आमच्याकडे पीठ फक्त भाकरीला लागतं बाबा, असं मी त्याला चिडवणार होते, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. तो धड जेवत नव्हता. आईच्या मागे हा पोरगाही जाईल की काय, अशी मला खरंच धास्ती होती.

त्या दुपारी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलं होतं आणि खोलीत हिरवट अंधार होता. फोनची तार काढून ठेवलेली, म्हणजे बाहेरून साइटवर कुणी येणं शक्यच नव्हतं. चालू होती ती दोनच यंत्रं, माझ्यापुढचं मोठं आणि पलीकडे कल्याणचं. पंख्याची घरघर ऐकता ऐकता माझे डोळे जड झाले. वाळ्याच्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळत गेला... ताज्या सारवणाचा.

स्क्रीनवर एक नवा नंबर होता.

पाहुणा अंगणात आला. मग गोठ्यात गेला. मग चुलीपाशी बराच वेळ. मग पुन्हा अंगणात.

‘‘कल्याण, तू फिरतोयस का रे?’’

‘‘न्हाई... माझी खिडकी कवाची चुलीवरच हाय.’’

तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. कितीतरी वेळ बघत राहिला.

‘‘आधी अंगन झाडायचं... मग गोठा... मग चूल. हे आयचं सकाळचं काम हाय, ताई.’’

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला. त्याने माझं मनगट धरलं. त्याचे हात गार पडले होते.

‘‘नगं... नंबर गेला तर ती हितं बी न्हाई ऱ्हायाची.’’

पाहुणा फिरतच होता. अंगण, गोठा, चूल, अंगण. बघता बघता चूक आम्हा दोघांच्याही ध्यानात आली. घर करताना कल्याणने आतल्या वाटा नीट जोडल्या होत्या, बाहेर जायची वाट केलीच नव्हती. कुठल्या लेकाच्या हातून ती झाली असती!

त्याने माझा कीबोर्ड ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच एक नवं पान केलं, गावच्या वेशीचं. तिथून मागे फिरायची वाट ठेवली नाही. अंगणाच्या पानावर त्याने एवढंच लिहिलं, ‘आय, हितून जा.’ लिहिताना तो लहान पोरासारखा रडत होता.

पाहुणा अंगणात आला आणि थांबला. सारवणाचा वास इतका दाटला की मला पायाखाली फरशीऐवजी ओली जमीन लागतेय असं वाटलं. मग तो नंबर वेशीवर गेला. पुन्हा कुठेच दिसला नाही.

‘‘गेली रे,’’ मी म्हणाले. ‘‘सुटली बघ तुझी आई.’’

आणि तेवढ्यात मला त्याच्या मागचा नंबर दिसला.

तो चुलीपासून निघाला होता. चुलीवरून अंगणात, अंगणातून वेशीवर. कल्याणच्या खिडकीचा नंबर. कल्याण तर माझ्या पाठीशी उभा होता, त्याच्या यंत्राजवळ कुणीच नव्हतं. तरी त्या रिकाम्या खुर्चीपुढे, स्क्रीनवर, वेशीचं पान उघडलेलं होतं.

‘‘कल्याण...’’

माझ्या खुर्चीवरचा त्याचा हात अलगद बाजूला झाला. मी वळून बघितलं. तोच शर्ट, तेच ओले डोळे. तो खोलीभर नजर फिरवत होता, टेबलाकडे, पडद्यांकडे, मग माझ्याकडे. तीन वर्षं मला ताई म्हणणारा तो पोरगा दोन पावलं मागे सरकून अदबीने दाराशी उभा राहिला.

‘‘बाई, जरा पानी मिळंल का?’’ तो म्हणाला. ‘‘लई लांबून आलोय.’’