आबांची बैठक

सेरेस या लघुग्रहावरच्या पश्चिम घुमटात आबा वायंगणकर रोज चाळीस माणसांना मृत्युदंड देत आणि चाळिसांनाही जेवायच्या आत माफ करत. आबा दाररक्षक. घुमटाच्या आत हवा, बाहेर पोकळी, आणि मध्ये दोन दारांची एक कोठडी. ती उघडायची-मिटायची आबांच्या आवाजावर. त्यांच्या शिव्या अशा जहाल, की भिंतीवरच्या बर्फाला घाम फुटे. एकदा तर म्हणे पाण्याचा पंप लाजून बंद पडला आणि त्याला चालू करायला तीन दिवस गोड बोलावं लागलं.

कोठडीत कुणी रेंगाळलं की आबा खुर्चीतून गरजायचे, “हाकल!”

दाराचं यंत्र विचारायचं, “नक्की का?”

“नको,” आबा म्हणायचे, आणि आतला माणूस हसत बाहेर यायचा. पाळी बदलताना तर जाणाऱ्या रक्षकाला एक खणखणीत ‘हाकल’ ऐकवल्याशिवाय निरोप पुरा होत नसे. वीस वर्षं हाच रिवाज.

मग पश्चिम घुमटाला तडा गेला. आठशे माणसं आपापली गाठोडी घेऊन पूर्व घुमटात आली. पूर्वेच्या दाराशी आबांचा धाकटा भाऊ रघुवीर बसत होता. पश्चिमेत पहिली गळती झाली तेव्हा तो पूर्वेला पळाला, असं आबा म्हणत. दादानेच धक्के मारून घालवलं, असं रघुवीर म्हणे. एकोणीस वर्षं दोघांत अबोला. आता पंचायतीने ज्येष्ठ म्हणून खुर्ची आबांना दिली होती.

आबा खुर्चीत बसले, गळ्यातली हुकूमपट्टी जोडली आणि खुर्चीच्या हातांवर असे रेलले, जणू ती त्यांच्यासकट ओतून घडवली असावी. शेजारी दारांची यंत्रं सांभाळणाऱ्या डॉ. मृदुला केणी पडद्यात डोकं घालून बसल्या होत्या.

“आबा, दहा मिनिटं काही बोलू नका. तुमचे टोपणहुकूम इथल्या यंत्रात बसवतेय.”

“ते काय असतं?”

“लांबलचक हुकमाला ठेवलेलं छोटं नाव. आतलं दार लाव, हवा ओढ, दाब मोज, हे सगळं रोज कोण बोलणार? तुम्ही नुसतं ‘धू’ म्हणता आणि कोठडी धुतली जाते, तो टोपणहुकूम.”

“आणि ‘हाकल’?” आबांनी हुकूमपट्टी मुठीत दाबून विचारलं.

“तो मुळात यंत्राचाच शब्द. आत आग लागली तर बाहेरचं दार तत्काळ उघडायचा. तुमचा स्वभाव बघून माझ्या आईने वीस वर्षांपूर्वी त्याच नावाचा एक टोपणहुकूम त्याच्यावर झाकणासारखा बसवला. आधी विचार, मग उघड. मूळ हुकूम खाली तसाच आहे.”

“मग टाक की ती यादी इकडे. पोळ्या लाटतेस का?”

“दोन यंत्रांच्या दोन तऱ्हा, आबा. तिकडे जिथे बरोबरीचं चिन्ह लागतं तिथे इकडे चालत नाही. यादी ठेवायची जागा वेगळी.” त्यांनी शेवटची ओळ भरली. “झालं. आता उठा आणि पुन्हा बसा.”

“का?”

“इथलं यंत्र माणूस खुर्चीत बसतानाच त्याची यादी वाचतं. उठेपर्यंत ती एक बैठक. तुम्ही बसलात तेव्हा यादी कोरी होती. या बैठकीत ‘हाकल’ म्हणजे हाकलच.”

दाराला टेकून उभा असलेला रघुवीर खुदकन हसला. “उठ की दादा. उठला की खुर्ची रिकामी, आणि रिकामी खुर्ची बसेल त्याची. पूर्वेचा कायदा आहे.”

“बघ, बघ! टपूनच बसलंय गिधाड!” आबा डॉक्टरांवर खेकसले. “मी उठत नाही. वीस वर्षं दार सांभाळलंय, मला बसायला-उठायला शिकवू नकोस.”

“रघुवीर, तुम्ही जरा लांब जा.”

“मी का जाऊ? माझी शेवटची पाळी आहे. दाब वाचून दाखवल्याशिवाय ताबा सुटत नाही.”

“दोघंही हलू नका. मी पंचांना घेऊन येते,” म्हणत डॉक्टर तणतणत वळल्या.

रघुवीर मुद्दाम डुलत कोठडीत गेला. शिरस्त्राण काखेत. आतलं दार त्याच्यामागे मिटलं. काचेतून तो मोजपट्टीकडे बघत एकेक आकडा असा चघळून म्हणू लागला, जणू नातवाला पाढे शिकवतोय. मग काचेला नाक लावलं.

“ऐकू येतंय ना, दादा? की कानही म्हातारे झाले? आई गेली तेव्हाही असाच बसून राहिला होतास. खुर्ची सोडवली नाही तुला.”

आबांच्या मानेच्या शिरा टरारल्या.

“हाकल!”

आणि आबा थांबले. प्रश्न येण्याएवढा वेळ, रोजच्यासारखे. ‘नको’ जिभेच्या टोकावर तयार होता.

कुणी काही विचारलं नाही. बाहेरचं दार उघडलं.

आबांनी ‘नको’ म्हटलं. मोठ्याने म्हटलं, पुष्कळदा म्हटलं. पण समोरची कोठडी रिकामी होती.

पंचांनी महिनाभर चौकशी केली. डॉ. केणींनी पश्चिमेच्या यंत्राची जुनी नोंदवही काढली. एकट्या आबांनी वीस वर्षांत दोन लाख ब्याण्णव हजार वेळा ‘हाकल’ म्हटलं होतं. पाळीपाळीने खुर्चीत बसणाऱ्या बाकीच्यांच्या नावांपुढचे आकडे वाचायला लागल्यावर पंचांनीच वही मिटायला लावली. पश्चिमेत वीस वर्षांत एकही खून झाला नव्हता. आपण शांत माणसं, म्हणून तिथले लोक छाती फुगवत.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आबांना विचारलं, “मी सांगितलं होतं ना तुम्हाला? ऐकलं होतंत?”

“ऐकलं होतं.”

“मग खरं सांगा. त्या वेळी यंत्राने विचारलं असतं, तर काय म्हणाला असतात?”

आबांनी तोंड उघडलं. सगळी सभा त्या ‘नको’ची वाट पाहत होती.

“मुली,” आबा म्हणाले, “विचारल्याशिवाय मला कधी कळलंच नाही गं, मला काय हवं होतं ते.”